गाठ केबलशी आहे: ‘फॉर ऑल मॅनकाइंड’च्या दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग

आधीच सांगतो, या लेखात शेवट फोडलेला आहे. कोण मरतं, कसं मरतं, शेवटच्या दृश्यात काय आहे, सगळं पुढे येतंय. पाहिला नसेल तर आधी पाहून या. घाई असेल तर दुसऱ्या सीझनचे निदान आठवा आणि नववा हे दोन भाग बघा आणि मग दहावा लावा. हा दहावा भाग, ‘द ग्रे’, २३ एप्रिल २०२१ रोजी ॲपलच्या टीव्ही सेवेवर आला. अंतराळावरच्या मालिकांमध्ये इतका नेटका बांधलेला सीझनचा शेवट क्वचित सापडतो. तो कुठे पक्का आहे आणि कुठे ढिला पडलाय, ते यंत्रांच्या बाजूने बघू.

मालिकेची कल्पना अशी की १९६९ मध्ये चंद्रावर पहिलं पाऊल रशियन माणसाचं पडलं, म्हणून अंतराळातली शर्यत संपलीच नाही. दुसरा सीझन १९८३ मध्ये घडतो. अमेरिकेचा जेम्सटाउन तळ चंद्राच्या दक्षिण ध्रुवापाशी शॅकल्टन विवराच्या काठावर आहे, कारण तिथे बर्फ सापडलाय. ही जागा लेखकांनी हवेतून काढलेली नाही. आपल्या चांद्रयान-१ ने १४ नोव्हेंबर २००८ रोजी सोडलेलं आघात-उपकरण याच विवराच्या आसपास आदळलं आणि त्याच यानावरच्या निरीक्षणांतून चंद्रावरच्या पाण्याच्या खुणा २००९ मध्ये जगापुढे आल्या. विवर सुमारे २१ किलोमीटर रुंद आहे. शनिवारवाडा मध्यभागी धरून तेवढं वर्तुळ काढलं तर हडपसर, कात्रज, बाणेर सगळं आत येतं. खोली चार किलोमीटरच्या वर. पायथ्यापासूनच्या उंचीचे पाच सिंहगड एकावर एक ठेवले तरी वर जागा उरेल. जागा आकाशात शोधायची असेल तर चंद्र दक्षिणेकडे चढलेला असताना दुर्बिणीतून खालच्या कडेकडे बघा. किरणांचं टायको विवर सहज दिसतं, त्याच्या खाली मोठं क्लॅव्हियस आणि अगदी कडेला ध्रुव. विवराच्या आत मात्र इथून डोकावता येत नाही. टिळक स्मारक मंदिरातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत, जी १९४४ पासून पुणेकरांना आकाश दाखवते आहे, कुणालाही विचारा, टायकोपासून कडेपर्यंतचा रस्ता समजावून सांगतील.

आता भांडण. आठव्या भागाच्या शेवटी अमेरिकन सैनिक चंद्रावर रशियनांवर गोळ्या झाडतात. नवव्यात रशियन सैनिक जेम्सटाउनवर चालून येतात. चंद्रावर बंदूक चालते का, हा प्रश्न अनेकांना पडतो. चालते. काडतुसातल्या दारूत ऑक्सिजन पुरवणारा घटक आधीच मिसळलेला असतो, हवा लागत नाही. उलट हवेचा अडथळा नाही आणि गुरुत्व सहावा हिस्सा, त्यामुळे तिरकी झाडलेली गोळी शेकडो किलोमीटरवर जाऊन पडेल. कक्षेत मात्र जाणार नाही. त्यासाठी सेकंदाला १.६८ किलोमीटर वेग लागतो आणि एम-१६ बंदुकीची गोळी सेकंदाला एक किलोमीटरच्याही आतच राहते. अडचण वेगळी आहे: बंदूक तापते आणि गार करायला हवा नसते. गोळी लागलेल्या रशियनाचा सूट पेट घेतो तेही खोटं नाही. सुटात कमी दाबाचा शुद्ध ऑक्सिजन असेल तर कापड पेटतं. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ च्या कुपीत तिघांचा जीव शुद्ध ऑक्सिजनमधल्या आगीनेच गेला, तिथे तर तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाचा होता.

शेवटच्या भागाचा कणा मात्र बंदूक नाही, अणुभट्टी आहे. तळावर एक दुसरी भट्टी लपवलेली आहे, लष्करासाठी. हल्ल्यात तिचं नियंत्रण करणारा संगणक निकामी होतो आणि शीतन थांबतं. इथे बरेच प्रेक्षक म्हणतात, मग भट्टी बंद करा की. बंद करून भागत नाही. साखळी-अभिक्रिया थांबली तरी इंधनात साठलेले किरणोत्सारी तुकडे फुटत राहतात. बंद केल्या क्षणी मूळ शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते, तासाभराने ती दीड टक्क्याच्या आसपास येते. मेगावॅटमध्ये चालणाऱ्या भट्टीचे दीड टक्के म्हणजेही भरपूर. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाला नेमकं हेच झालं. भट्ट्या बंद झाल्या होत्या, पंप थांबले होते. चंद्रावर तर वाराही नाही आणि समुद्रही नाही. उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग, पत्र्यांतून प्रारण, आणि त्या पत्र्यांपर्यंत ती नेणारं द्रव फिरत नसेल तर सगळं जागच्या जागी साचतं. ‘वेळ कमी आहे’ हे वाक्य प्रत्येक मालिकेत येतं. इथे त्या वेळेमागे भौतिकशास्त्र उभं आहे, म्हणून जीव टांगणीला लागतो. एक दुरुस्ती मात्र हवी: भट्टी वितळली तरी बॉम्बसारखा स्फोट होत नाही. इंधन वितळून खाली ओघळतं, किरणोत्सार पसरतो, तळ राहण्यालायक उरत नाही. माणसं मरायला एवढं पुरेसं आहे. संवादात हे थोडं भडक केलंय.

उपाय काय? बाहेर जायचं, एक केबल काढायची, दुसरीकडे जोडायची, म्हणजे नियंत्रण पर्यायी संगणकाकडे जाईल. बस. गॉर्डो आणि ट्रेसी स्टीव्हन्स, दोघं अंतराळवीर, एकेकाळचे नवरा-बायको, जिथे अडकलेत तिथे स्पेससूट नाहीत. ऑक्सिजनचे मास्क आहेत आणि डक्ट टेपची रिळं आहेत. हातात वेळ साधारण पंधरा सेकंदांचा.

हे पंधरा सेकंद कुठून आले? ह्यूस्टनच्या निर्वात कोठीत १४ डिसेंबर १९६६ रोजी जिम लेब्लांक या तंत्रज्ञाच्या सुटाची दाबाची नळी निसटली. तो चौदा सेकंदांत कोसळला. शुद्ध हरपण्याआधी जिभेवरची लाळ उकळतेय असं जाणवल्याचं त्याने नंतर सांगितलं. तो वाचला. सोयूझ ११ चे तीन अंतराळवीर १९७१ मध्ये वाचले नाहीत. परतीच्या वाटेवर झडप उघडली, कुपीतली हवा गेली आणि त्यांच्या अंगात सूट नव्हते. निर्वातात फुप्फुस उलटं चालतं, रक्तातला ऑक्सिजनच बाहेर ओढला जातो. ते रिकामं रक्त फुप्फुसांपासून मेंदूपर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच शुद्ध. श्वास रोखून धरला तर आणखी वाईट, फुप्फुसं फाटतात.

लाळ का उकळते, हे स्वयंपाकघरातून बघा. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला त्याहून दोन-तीन अंश आधी, म्हणून तिथे कुकरशिवाय डाळ शिजायला वेळ लागतो. दाब जितका कमी, तितकं उकळणं लवकर. दाब ६.३ किलोपास्कलच्या (समुद्रसपाटीला तो साधारण १०१ असतो) खाली गेला की ३७ अंशांनाच उकळतं, म्हणजे अंगाच्या उबेवर. कातडीखालचं पाणी वाफ होऊ लागतं, शरीर फुगतं. रक्त लगेच उकळत नाही, कारण रक्तवाहिन्या त्याला दाबून धरतात. डोळे, तोंड, नाक यांना असं आवरण नाही. भागात दिसणारं रक्त आणि फोड याच जागी आहेत. रंगभूषेने इथे अभ्यास केलाय.

आता टेप. सगळ्यात जास्त थट्टा याच कल्पनेची झाली आणि सगळ्यात जास्त दम याच कल्पनेत आहे. हवेऐवजी घट्ट कापडाने अंगावर दाब द्यायचा, अशा सुटावर अमेरिकेत पॉल वेब यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून खरोखर काम केलं. मग टेपने ते जमेल का? गणित सोपं आहे: पट्टीतला ताण भागिले अंगाच्या गोलाईची त्रिज्या आणि पट्टीची रुंदी, म्हणजे दाब. अपोलोच्या सुटात २६ किलोपास्कलच्या जवळपास दाब असे. आपण तीस धरू. टेप ४८ मिलिमीटर रुंद. दंडाला, त्रिज्या चार सेंटिमीटर, प्रत्येक वेढा सहा किलोच्या ताणाने ओढावा लागेल. मांडीला, आठ सेंटिमीटर, बारा किलो. छातीला, पंधरा सेंटिमीटर, बावीस किलो, आणि तोही श्वास घेऊ देऊन. म्हणजे पूर्ण सुटाचं काम टेपकडून होणार नाही. पण नुसतं उकळणं थांबवायचं असेल तर ६.३ किलोपास्कल पुरतात. मग मांडीला वेढ्यामागे अडीच किलो आणि छातीला साडेचार. दोन-तीन थर दिले तर हे दोन माणसांच्या हातून होण्यासारखं आहे. म्हणजे हात-पाय शाबूत राहतील आणि धावता येईल. नेमकं तेवढंच त्यांना हवं आहे.

चुकतं कुठे, तेही या गणितातच आहे. टेप दाब देते ती फक्त फुगीर भागावर. काख, जांघ, गुडघ्याची मागची बाजू, पाठीच्या कण्याची खाच, इथे पट्टी अधांतरी ताणली जाते, कातडीला टेकतही नाही. वेब यांना तिथे आत गाद्या भराव्या लागल्या. दुसरं, गुडघा सरळ ठेवून गुंडाळलं तर तो वाकत नाही, वाकवून गुंडाळलं तर सरळ होताना टेप सैल पडते. तिसरं म्हणजे मास्क. छातीला बाहेरून पुरेसा दाब नसेल तर मास्कमधून दाबाने आलेला ऑक्सिजन फुप्फुसं फुगवतो आणि श्वास बाहेर सोडता येत नाही. म्हणून मास्क असूनही शुद्धीचे सेकंद फारसे वाढत नाहीत. त्यात टेपच्या कडेने गळती. पटकथेने हे सगळं तोंडाने सांगितलेलं नाही, पण निकाल बरोबर दाखवलाय: काम होतं, आणि काम करणारे वाचत नाहीत. केबल जागेवर बसते, दोघं कसेबसे एअरलॉकमध्ये परततात, दार बंद होतं आणि तिथेच संपतात.

हाताशी घड्याळ घेऊन बघाल तर पडद्यावरची ही धाव पंधरा सेकंदांहून बरीच लांबते. मला ते चालतं. प्रयोगांत कुत्री दीड मिनिटापर्यंतच्या निर्वातातून परत आणता आली आहेत. शुद्ध आधी जाते, जीव नंतर. शुद्ध हरपत असताना माणूस केबलचं टोक खोबणीत बसवू शकेल का, हा खरा प्रश्न आहे. तिथे मालिकेने थोडी सूट घेतली.

धावेइतकाच मोठा आहे आधीचा टेप गुंडाळण्याचा प्रसंग. गॉर्डो आणि ट्रेसी झालेत मायकल डॉर्मन आणि सारा जोन्स. दोन माणसं एकमेकांना दंडापासून मनगटापर्यंत, कमरेपासून घोट्यापर्यंत बांधतायत, मध्येच थट्टा चाललीय. हात थांबत नाहीत. घटस्फोट झालेल्या दोघांना इतकं जवळ आणायला दुसरा कुठलाही बहाणा खोटा वाटला असता. इथे कामच तसं आहे: स्वतःची पाठ स्वतःला गुंडाळता येत नाही. शिवाय गॉर्डोची कहाणी आठवा. पहिल्या सीझनमध्ये याच तळावर त्याचं मन ढासळलं. त्याची सहकारी अंतराळवीर डॅनिएल पूल हिने स्वतःचा हात मोडून घेऊन त्याला पृथ्वीवर न्यायचं निमित्त तयार केलं, त्याची अब्रू राखली. दुसऱ्या सीझनमध्ये त्याला सूट घालून बसायचीच धास्ती वाटते. त्याच माणसाला शेवटी सुटाशिवाय बाहेर जायचंय. पेरणी दोन सीझनची आहे, आणि त्यावर एकही भाषण ठोकलेलं नाही.

दुसरा धागा डॅनिएलचा, अपोलो आणि सोयूझच्या जोडणीचा. खऱ्या इतिहासात हे १७ जुलै १९७५ रोजी झालं. मालिकेने ते १९८३ मध्ये, युद्धाच्या तोंडावर आणून ठेवलंय. खरी अडचण दोन ठिकाणी होती. एक, हवा. अपोलोत सुमारे ३४ किलोपास्कल शुद्ध ऑक्सिजन, सोयूझमध्ये जमिनीवरच्यासारखी हवा. दोन्हींमध्ये एक खोली जोडावी लागली आणि रशियनांनी आपला दाब सत्तर किलोपास्कलच्या आसपास खाली आणला. तसं न करता एकदम दार उघडलं असतं तर रशियनांच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे झाले असते. दुसरी अडचण मानापमानाची. जुन्या जोडणीत एका यानाचा दांडा दुसऱ्याच्या शंकूत घुसायचा आणि शंकू व्हायला कुणीच तयार नव्हतं. म्हणून दोन्ही बाजू सारख्याच असलेलं कडं बनवलं गेलं. त्याचीच पुढची रूपं अमेरिकन शटल आणि रशियन मीर स्थानकाच्या जोडणीला वापरली गेली. सीझनच्या मध्यावर नासाची मार्गो आणि रशियन अभियंता सर्गेई या कड्यावर वाद घालतात तेव्हा ते भाग कंटाळवाणे म्हणून पळवू नका. शेवटच्या भागात हुकूम मोडून डॅनिएल पुढे जाते आणि रशियनाचा हात तिच्या हातात येतो, त्याचं वजन त्या बैठकींत तयार झालेलं आहे.

तिसरा धागा एड बाल्डविनचा, आणि इथे माझी तक्रार आहे. पाथफाइंडर हे त्याचं यान अणुइंजिनावर चालतं. कल्पना खरी आहे. नर्व्हा या अमेरिकन कार्यक्रमात हायड्रोजन भट्टीतून तापवून सोडणारी इंजिनं जमिनीवर चालवून बघितली होती, रासायनिक इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट कार्यक्षमतेची. कार्यक्रम १९७३ मध्ये गुंडाळला गेला. सी ड्रॅगन हे समुद्रातून उडणारं दीडशे मीटर उंच रॉकेटही कागदावर १९६२ पासून होतं, रॉबर्ट ट्रुआक्स यांचं. यंत्रं अशी अस्सल, पण रशियन यानाशी भांडण मात्र लढाऊ विमानांचं. कक्षेत नाक वळवून पाठलाग होत नाही. पुढच्याला गाठायचं असेल तर वेग कमी करून खाली उतरावं लागतं आणि अर्धी-पाऊण प्रदक्षिणा वाट बघावी लागते. ही वाट बघणंच केवढं नाट्यमय ठरलं असतं! दोन्ही यानं एकमेकांना दिसतात, निर्णय घ्यायला तासभर आहे, आणि आत सॅली राइड एडला विरोध करतेय. त्याऐवजी ‘निशाणा लागला’ छापाचे संवाद मिळतात. शेवटी एड रशियनांवर न झाडता आपलाच सी ड्रॅगन उडवतो. माणूस म्हणून हा निर्णय मला पूर्ण पटतो. पण त्याचे तुकडे? २७ मार्च २०१९ ला भारताने उपग्रह पाडला तो मुद्दाम तीनशे किलोमीटरच्या आसपास, तिथल्या विरळ हवेने बहुतेक तुकडे लवकर खाली यावेत म्हणून. चंद्राला तेवढीही हवा नाही. तळावर ये-जा करणाऱ्या प्रत्येक यानाच्या वाटेत ते तुकडे सेकंदाला दीड किलोमीटरने फिरत राहणार. मालिका त्याकडे वळूनही बघत नाही.

आणखी एक खटकणारी गोष्ट, तळाच्या आत माणसं बहुतेक वेळा आपल्यासारखीच चालतात. बाहेर सहावा हिस्सा गुरुत्व, आत पूर्ण. खर्चाचं कारण समजू शकतं. पृथ्वीवरचं एडच्या बायकोचं, कॅरनचं प्रकरण मला नको होतं, त्यावर शब्द घालवत नाही.

बघण्याबद्दल. टीव्हीवरचं मोशन स्मूदिंग, कंपनीप्रमाणे नाव बदलतं, आधी बंद करा. मूळ चित्रण सेकंदाला २४ चौकटींचं आहे. टीव्हीने मधल्या चौकटी स्वतःच्या घातल्या की चंद्रावरची संथ चाल सीरियलसारखी दिसते आणि टेपच्या प्रसंगातली सगळी जादू जाते. समोरची ट्यूबलाइट बंद करा. तळातले प्रसंग अंधारे आहेत, काचेत आपलंच घर दिसत राहतं. इंग्रजी सबटायटल्स लावा, रेडिओवरचं बोलणं तुटक आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना शेवटच्या भागातलं रक्त जड जाईल. आणि सगळी मालिका पहिल्यापासून बघणार असाल तर पहिल्या सीझनच्या शेवटी नामावली संपेपर्यंत उठू नका, सी ड्रॅगनची ओळख त्यानंतर आहे.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण पाथफाइंडरपायी गेला.

शेवटचं दृश्य काही सेकंदांचं आहे. कॅमेरा चंद्र सोडून मंगळाकडे जातो, लाल धुळीत एक बूट उतरतो, १९९५. कुणाचा, कुठल्या देशाचा, दाखवत नाहीत. बुटाच्या वर सूट आहे, धड, शिवलेला, आणि नजर आधी शिवणीकडेच जाते.